मंत्रीसाहेब, बुडवलेल्या बोटी काढायच्या कुणी?

प्रति,
मा. मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य
(खात्याचं नाव मुद्दाम मोकळं सोडलंय, का ते पुढं कळेल)

विषय : उजनी धरणाच्या फुगवट्यात (भिंतीमागं साठलेल्या पाण्यात) बुडवलेल्या आणि सोडून दिलेल्या वाळूचोरांच्या बोटींचे सांगाडे काढण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण कामात असता, राज्याचा व्याप मोठा आहे, त्यामुळं थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. जमेल असं वाटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात काठावर भर माणसांत आम्हाला शब्द दिला होता की पाणी अजून थोडं खाली जाऊ द्या, पंधरा दिवसांत सगळे सांगाडे उचलून नेतो. ज्या साहेबांनी दिला त्यांची बदली झाली, आणि नव्या साहेबांना विचारलं तर ते म्हणतात हा माझ्या काळातला विषय नाही. पाणी खाली गेलं, पाऊस झाला, परत भरलं, आता परत खाली गेलंय. बोटी जिथल्या तिथं. आणि गेल्या मंगळवारी अडकलेलं जाळं सोडवायला माझा पुतण्या कमरेएवढ्या पाण्यात उतरला तर त्याच्या पोटरीत बोटीचा पत्रा घुसला. अकरा टाके. पोरगं बारावीला आहे, सुट्टीत मदत करत होतं. म्हणून हे उघड पत्र, कारण बंद पाकिटातली पत्रं कुठं जातात ते आम्हाला चांगलं माहितेय.

ज्यांना उजनीचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भीमेवरचं हे धरण 1980 ला पूर्ण झालं, पाणी 117 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), आणि वर 111 टक्क्यांपर्यंत भरलं की 123 च्या आसपास जातं. त्यातलं जवळजवळ 64 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं राखीव पाणी, निम्म्याहून जास्त. फुगवटा पुणे, सोलापूर आणि नगर (आता अहिल्यानगर) अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय. नदीचा तळ वाळूचा. आणि वाळू म्हटली की पुढचं सांगायला नको.

वाळू चोरणारे रात्री सक्शन बोटी लावतात, तळातून पाइपानं वाळू ओढतात आणि बाजूच्या फायबरच्या बोटीत भरून काठाला आणतात. मग कधीतरी पथक येतं. मजूर पाण्यात उड्या मारून पळतात, बोट सापडते. ती बोट काठाला आणायची तर ताकद लागते, वेळ लागतो, राखण लागते. म्हणून काय करतात, जिलेटिनच्या कांड्या लावायच्या आणि उडवून द्यायची. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, पाण्याचा फवारा आभाळात, 'महसूलची धडक कारवाई, वाळूमाफियांचे धाबे दणाणले, बोटींना जलसमाधी'. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण टाळ्या पडतात. मी पण अंगठा दाखवलाय कधीकधी, कारण वाळूचोरांबद्दल मला काडीचं प्रेम नाही. त्यांनी तळाला जे खड्डे पाडलेत त्यात आमच्या ओळखीची जनावरं गेली, माणसं गेली.

पण साहेब, फोटोनंतर बोट कुठं जाते?

कुठंच जात नाही. खाली जाऊन बसते. स्फोटानं बुडाचा पत्रा आतून बाहेर उलटतो, मक्याचं कणीस सोलल्यावर पानं उलटतात तसा, आणि एकेका पात्याची धार अशी असते की जाडजूड दोर पण कापला जातो. वरचं इंजिन असेल तर ते पहिल्या दोन-चार रात्रींत कुणीतरी गायब करतं, त्याबाबतीत आमच्याकडं यंत्रणा फार तत्पर आहे. डिझेलची टाकी, ऑइल, सगळं पाण्यात. राहतो तो नुसता सांगाडा. पाणी भरलेलं असताना तो दिसत नाही. पाणी उतरलं की एक कोपरा वर येतो, त्याच्यावर बगळा बसतो, आणि भिगवणकडं फ्लेमिंगो बघायला आलेले पाहुणे त्याचा पण फोटो काढतात, छान येतो म्हणे.

फायबरच्या बोटींचं दुखणं वेगळंच. लोखंड निदान हाताला लागतं, कळतं. फायबर चिरफाळतं आणि त्याची बारीक कुसळं जाळ्यात येतात. हातात गेलं की दिसत नाही, निघत नाही, आठवडाभर आग आग. माझ्या बायकोनं जाळं झाडायचंच सोडून दिलंय. आमच्यातले काहीजण पण कुजकी होडी काठाला टाकून देतात, नाही असं नाही, पण लाकूड चार पावसाळ्यात मातीत जातं. ह्या फायबरचं काय होणार ते मला कुणीतरी शिकलेल्या माणसानं सांगावं. सोलापूर शहर हेच पाणी पितं, आधीच वरून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सगळं धुऊन आलेलं, उन्हाळ्यात पाण्याचा रंग बघितलाय का कधी तुम्ही? हिरवागार. त्यात हे.

आता आमचा हिशोब ऐका. तंगूसचं (नायलॉनच्या दोऱ्याचं) जाळं, वर भेंडं, खाली शिसं, दोर, सगळं धरून पंधरा-वीस हजार जातात. ते संध्याकाळी लावायचं आणि पहाटे ओढायचं. ओढताना कुठंतरी अडकतं. थोडा जोर दिला तर सुटेल असं वाटतं, तिथंच चूक होते, कारण झाडाचं खोड असेल तर सुटतं आणि पत्रा असेल तर चिरतं. वर येतं ते निम्मं जाळं आणि चार चिलापी. राहिलेलं निम्मं खाली तसंच, त्यात मासे अडकत राहतात, मरत राहतात, कुणाच्याच कामाला येत नाहीत. म्हणजे जाळं पण गेलं आणि मासा पण गेला. नवीन जाळ्याला पैसे व्यापाऱ्याकडून उचलायचे, मग मासा त्याच्याच काट्यावर आणि त्याच्याच भावानं. ही साखळी तुमच्या कुठल्या योजनेत बसते सांगा, फॉर्म भरतो.

भरपाई मागायला गेलो होतो. पहिला प्रश्न, बोट कुणाची? मी म्हणलं वाळूवाल्याची. मग त्याच्याकडं मागा. त्याचं नाव तुमच्या पंचनाम्यात काय लिहिलंय? 'अज्ञात'. आता अज्ञात इसमाकडं मी कुठल्या पत्त्यावर जाऊ? दिवसाढवळ्या ज्याचा डंपर गावातून जातो, ज्याचे वाढदिवसाचे फ्लेक्स एसटी स्टँडवर लागतात, तो कागदावर अज्ञात होतो आणि मी मात्र आधार, पॅन, मच्छीमारीचा पास, सोसायटीचा दाखला, सगळं घेऊन रांगेत उभा.

मग दुसऱ्या हापिसात गेलो. ते म्हणाले पाणी आमचं, पण बोट महसूलनं बुडवली, त्यांना विचारा. महसूलवाले म्हणाले आमचं काम कारवाई करण्यापुरतं, धरणाच्या पाण्यात काय आहे ते धरणवाल्यांनी बघायचं. तिसरे म्हणाले आम्ही मत्स्यबीज सोडतो, भंगार उचलत नाही. चौथे म्हणाले प्रदूषणाचा मुद्दा असेल तर वेगळा अर्ज करा. पोलीस म्हणाले चोरीची तक्रार आहे का, नाही ना, मग? ऑनलाइन तक्रार केली तर महिन्यानं मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे'. बोट निघाली नाही, तक्रार निघाली. तर म्हणून मी वर खात्याचं नाव लिहिलं नाही साहेब. पाणी एकाचं, वाळू दुसऱ्याची, मासा तिसऱ्याचा, आणि पत्रा आमच्या पोराच्या पायात. तुमच्यापैकी ज्यांना हे पत्र आपल्याला आहे असं वाटेल त्यांनी घ्यावं.

किती बोटी असतील खाली? यादी कुणाकडंच नाही. गाळ किती साठला याचे सर्व्हे झाले, उपग्रहावरून झाले, लोखंड किती साठलं याचा नाही. मग मीच पेपरातल्या बातम्यांवरून हिशोब घातला. एका कारवाईत चार बोटी धरा, तिन्ही जिल्हे मिळून महिन्याला दोन कारवाया, आणि दहा वर्षं. 960 झाल्या. निम्म्या खोट्या धरा, पावशेर वर्तमानपत्री फुगवटा धरा, तरी शेकड्यात आहेत. एका बोटीला दोन टन पत्रा आणि अँगल, किलोला तीस रुपये भंगाराचा भाव, तर 960 बोटींचे पावणेसहा कोटी पाण्याखाली पडलेत. हिशोब माझा आहे, चुकीचा असेल तर तुमचा बरोबर आकडा छापा, मी जाहीर माफी मागतो. पण छापायला आधी मोजावं लागेल.

मला माहितेय उत्तर काय येणार. काठाला आणून ठेवली तर रात्रीत पळवून नेतात, नाहीतर दंड भरून सोडवून नेतात आणि आठ दिवसांत तीच बोट परत पाण्यात. खरंय, असं होतं, मी स्वतः रंग बदललेली बोट ओळखलीये. पण त्याला उपाय जिलेटिन आहे का? ओढून काठाला घ्या, पंचासमोर गॅस कटरनं चार तुकडे करा, तुकडे भंगारात लिलाव करा, पैसे सरकारजमा. तुकड्यांतून कोण बोट करणार आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 48 मध्ये पाचपट दंड आहे, यंत्रसामग्री जप्त करायची तरतूद आहे. जप्त करा म्हणलंय, बुडवा कुठं म्हणलंय? जप्त केलेली वस्तू सरकारच्या ताब्यात असते ना? मग तुमच्या ताब्यातली वस्तू आमच्या जाळ्यात कशी येते?

कायद्याचंच निघालंय म्हणून. केंद्रानं 1917 चा जुना कायदा बाजूला काढून 2021 ला अंतर्देशीय जहाजांचा नवीन कायदा केला, त्यात बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यांवर वेगळं प्रकरण आहे. त्याआधी 2016 ला देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यात आमची भीमा पण आहे! आता तो पट्टा खाली कर्नाटक-तेलंगणात आहे, आमच्याकडं नाही, पण नदी तर तीच ना. खाली जलमार्ग आणि वर भंगारमार्ग. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर 'रिव्हर प्रिन्सेस' नावाचं जहाज 2000 साली रुतलं ते काढायला बारा वर्षं लागली, आणि ते तर आख्खं डोळ्यासमोर उभं होतं, परदेशी पाहुण्यांच्या पण. आमचं तर पाण्याखाली. आमचा नंबर कधी?

21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला येणारी बोट उजनीच्याच पाण्यात वादळी वाऱ्यात उलटली, सहा माणसं गेली, त्यात दोन लहान लेकरं. एक जण तेवढा पोहत काठाला लागला. त्यात ह्या सांगाड्यांचा दोष होता असं मी म्हणत नाही, तो वाऱ्याचा दोष होता आणि लाइफ जॅकेट नसण्याचा होता. पण शोध चालू होता ते दिवस सगळा काठ जागा होता आणि ज्यांना पाणी माहितेय त्यांच्या मनात एकच, खाली काय काय पडलंय आणि पाणबुडे कशाकशात हात घालतायत. त्या आठवड्यात मोठमोठ्या गाड्या आल्या, कॅमेरे आले, प्रवासी बोटींची तपासणी करू, जॅकेट देऊ, सगळं सुरक्षित करू. गाड्या गेल्यावर धूळ बसायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ ते टिकलं. आज पण लोक तशाच बोटीत मोटारसायकल घालून पलीकडं जातात, कारण रस्त्यानं वळसा घालायला पेट्रोल परवडत नाही.

आमचं म्हणणं असंय की ही सगळी सवयच आहे. कारवाई म्हणजे काय, तर फोटो येईपर्यंत. झाड लावायचं ते फोटोपुरतं, बोट बुडवायची ती फोटोपुरती. 2023 ला वाळूचं धोरण आलं, डेपोतून 600 रुपयांत ब्रास (शंभर घनफूट), आम्ही म्हणलं चला, आता चोरी थांबेल. 2025 ला ते डेपो बंद, नवीन धोरण, घरकुलवाल्याला पाच ब्रास फुकट. धोरणं बदलली, रात्रीचा आवाज तोच. रात्री बारानंतर काठावर येऊन बसा एकदा, साधे कपडे घालून, मग कळेल कोण अज्ञात आहे. आणि हा आवाज आम्हाला दहा किलोमीटरवरून येतो तर ज्यांच्या पगारात हे ऐकण्याचं काम आहे त्यांना का येत नाही? पकडला जातो तो बिहार-बंगालचा मजूर, ज्याला पोहता पण येत नाही धड. उडवली जाते ती बोट. वाळू आधीच पोचलेली असते, पुण्यात कुणाच्यातरी पंधराव्या मजल्यावर.

माझ्या आज्याची जमीन ह्याच पाण्याखाली आहे. धरण देशाचं आहे म्हणून दिली. खाली सोलापूरकडं उसाचे मळे झाले, कारखाने झाले, कारखान्यांचे आमदार झाले, झालं ते चांगलंच झालं, आम्ही काही म्हणलं नाही. शेती गेली म्हणून बापानं होडी घेतली. म्हणजे आमच्याच रानावर आम्ही जाळं टाकतो आणि त्याचा पास पण काढतो, बरं का, फुकट नाही. आणि आता त्या रानात सरकार लोखंड पेरतंय. मी कधीकधी हिशोब घालतो की माझं जाळं अडकतं ती जागा आमच्या विहिरीजवळची असेल का गोठ्याजवळची. असो, ते तुम्हाला सांगून काय उपयोग.

मागणी फार मोठी नाही. पाणी आत्ता खाली आहे. 2024 ला उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती, म्हणजे मृतसाठा पण आटत चालला होता, तेव्हा तर सांगाडे चिखलात उघडे पडले होते, पोरं त्यांच्यावर चढून खेळत होती, एक जेसीबी आणि एक ट्रेलर पाठवला असता तर निम्मं काम झालं असतं. ती संधी गेली. 2025 ला मे महिन्यातच पाऊस घुसला आणि सगळं झाकलं गेलं. ह्या वर्षी पण दौंडकडून विसर्ग सुरू झाला की आठवड्याभरात आमचा विषय पाण्याखाली जाईल आणि तुमचा विषय संपेल. म्हणून आत्ताच, ह्या पंधरवड्यात. जे उघडे पडलेत ते उचला. जे उथळ पाण्यात आहेत त्यांच्यावर निदान बांबू रोवून लाल फडकं बांधा, म्हणजे माणूस लांबून जाईल. फडकं आम्ही देतो. जे खोल आहेत त्यांची जागा आम्ही दाखवतो, मोबाइलवर लोकेशन टाकून देतो, आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना तर डोळे झाकून माहितेय कुठली बोट कुठं बसलीये. आणि पुढच्या कारवाईपासून पंचनाम्यात एक ओळ वाढवा की सांगाडा कुठं नेला. तेवढी एक ओळ. जाळ्यांची भरपाई आणि पोराच्या दवाखान्याचा खर्च मी ह्या पत्रात मागत नाहीये, कारण मागितला की तुम्ही म्हणणार ह्याचा स्वार्थ आहे. तो अर्ज वेगळा दिलाय, आवक नंबर आहे माझ्याकडं.

काठापर्यंत यायला रस्ता आहे. उसाचा भरलेला ट्रेलर जातो तिथून क्रेन पण जाईल, शेवटचे दोनशे फूट चिखल आहे तिथं मुरूम टाकावा लागेल. डिझेलला बजेट नाही असं कुणी म्हणालं तर आम्ही वर्गणी काढू, पावती मात्र द्यावी लागेल.

कळावे,
उजनीच्या फुगवट्यावरचा एक धरणग्रस्त मच्छीमार

ता. क. : पथक पाठवणार असाल तर त्यांना सांगा, जिलेटिन ठेवा आणि गॅस कटर आणा. आणि पायात गमबूट घालून या.